नांगरलेल्या जहाजावरची शाळा पुण्याच्या माळावर कशी आली

एप्रिलचा पहिला आठवडा आला की पुण्यातल्या निवृत्त दर्यावर्दींच्या भेटीगाठींना भरती येते. कॅप्टन मंडळींचा मेळावा वेगळा, इंजिनिअरांचा वेगळा. एका बॅचच्या लोकांची जेवणं तर कोथरूड-औंधच्या कुठल्या ना कुठल्या हॉटेलात वर्षभर चालूच असतात. निमित्त ५ एप्रिलचं. १९१९ साली या दिवशी ‘लॉयल्टी’ ही भारतीय मालकीची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली आणि १९६४ पासून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जेवणात मात्र ‘लॉयल्टी’चं नाव भाषणापुरतंच येतं. गप्पा रंगतात त्या ट्रेनिंगच्या दिवसांवर: पहाटेचं फॉलिन (रांगेत हजर होणं), ब्रासोने घासलेलं पितळ, सीनियरांनी काढलेला घाम, रविवारची शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर जायची सुट्टी. मग आइस्क्रीम येईपर्यंत कोणीतरी ते ठरलेलं वाक्य टाकतोच, की व्यापारी जहाजांचे अधिकारी घडवणारी शाळा जहाजावरून जमिनीवर आणली आणि तिथेच सगळं बिघडलं.

हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की ते आता इतिहास म्हणूनच खपतं. प्रत्यक्षात त्यात एका निर्णयाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारलं गेलंय. ते कसं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. फार मागे नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश जहाजांवर हिंदी खलाशी पन्नास हजारांच्या आसपास होते, पण ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या जागी, किंवा इंजिनरूमच्या अधिकारात हिंदी माणूस जवळपास नव्हता. सारंग, टांडेल, सुकाणी, कसाब, आगवाला, तेलवाला, भंडारी, टोपास ही उतरंड आपली, आणि तिच्या वरचं सगळं गोऱ्यांचं. १९२३ साली सरकारने नेमलेल्या समितीने हिंदी मुलांना अधिकारी करण्यासाठी शिक्षणनौका सुरू करा, असं सुचवलं. त्यातून १९२७ मध्ये ‘डफरिन’ माझगावच्या धक्क्यासमोर येऊन उभी राहिली. १९०४ ची ही जुनी सैन्यवाहू बोट पहिल्या महायुद्धात तांबड्या समुद्रात गस्त घालून आलेली होती. स्वतंत्र भारताच्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख तिच्या पहिल्याच तुकडीतले, हे पुण्यातल्या कुठल्याही मेळाव्यात निदान एकदा सांगितलं जातं. खडकवासला आणि लोणावळा जवळ असल्याने या शहरात ‘नेव्ही’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नौदलच येतं. मग व्यापारी जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला असा एखादा धागा हाताशी लागतो.

‘डफरिन’बद्दल न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की सुरुवातीच्या वर्षांत तिथून शिकून निघालेल्या मुलांना घ्यायला ब्रिटिश कंपन्या फारशा राजी नव्हत्या. शाळा निघाली होती, मुलं तयार होती, पण त्यांना चढायला बोट नव्हती. हिंदी मालकीच्या एका कंपनीने बऱ्याच जणांना हात दिला, म्हणून ती तुकडी तरली. हा मुद्दा इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढची सगळी गुंतागुंत यातूनच निघते. दर्याच्या शाळेत शिकवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे शिकलेल्या मुलाला कोणाच्या तरी बोटीवर कॅडेटची, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याची, जागा मिळवून देणं. ती मिळाली नाही तर त्याचं सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद. समुद्रसेवेचे महिने भरल्याशिवाय त्याला सेकंड मेटच्या, म्हणजे डेकवरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या, परीक्षेलाही बसता येत नाही.

१९३५ पासून ‘डफरिन’वर इंजिनचे कॅडेटही घ्यायला लागले. १९४९ च्या सुमारास इंजिनिअरांचं शिक्षण कलकत्ता आणि मुंबईला जमिनीवर गेलं आणि जहाज फक्त डेकच्या, म्हणजे पुढे जहाज हाकणाऱ्या, मुलांसाठी राहिलं. ही तारीख जरा लक्षात ठेवावी. शाळा जमिनीवर आणल्याबद्दल हळहळणाऱ्यांत इंजिनिअर सहसा नसतात, कारण त्यांची शाळा कधीच जमिनीवर गेलेली होती आणि त्यातून निघालेल्या माणसांनी जगभरची इंजिनं चालवली. पुण्यातली चष्म्याची मुलंही जास्त करून याच वाटेने गेली. डेकला नजर ६/६ लागायची आणि रंग ओळखण्याची चाचणी कडक. कंदिलाचा लाल-हिरवा ठिपका चुकला की विषय संपला. सदाशिव पेठेत गणितात पहिला आलेला मुलगा त्या ठिपक्यावर अडायचा आणि मग ‘इंजिनला जा’ असा सल्ला मिळायचा.

१९६१ साली दोन सरकारी जहाज कंपन्या एकत्र करून एक मोठी सरकारी कंपनी झाली, आणि तिथून पुढची पंचवीसेक वर्षं हा या शाळांचा खरा सुवर्णकाळ. १९७२ मध्ये ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ने घेतली. माझगाव डॉकमध्ये शिक्षणासाठीच बांधलेलं हे जहाज. आज पुण्यात साठी-सत्तरीत असलेले बहुतेक कॅप्टन ‘राजेंद्र’चे, नाहीतर थेट कंपनीत कॅडेट म्हणून लागलेले. मेळाव्यांवर राज्य त्यांचंच, त्यामुळे आठवणींवरही. ‘डफरिन’वाले आता थोडे उरलेत. त्यांचा हॅमॉक, म्हणजे झोपायची टांगती झोळी, तो पहाटे गुंडाळून दोरीने घट्ट आवळून ठेवायची घाई, हे सगळं आता इतरांच्याच तोंडून जास्त ऐकू येतं.

‘राजेंद्र’च्या पिढीचं जहाजावरचं आयुष्य कसं होतं? देशभरातून निवडलेली शंभराच्या आगेमागे मुलं वर्षाला. मुंबई दिसतेय, माझगावच्या वखारी दिसताहेत, लोकल गाड्यांचा आवाजही वाऱ्यावर येतोय, पण मधे पाणी. धक्क्यावर जायला लाँच, आणि लाँच मिळायची परवानगी मिळाली तर. पावसाळ्यात बंदरात फुगवटा आला की लाँच जहाजाच्या शिडीपाशी हातभर वर आणि हातभर खाली होत राहायची. पाय नेमका कधी टाकायचा हे कोणी शिकवत नसे. लाँच वर येऊन क्षणभर थांबते, तेव्हाच टाकायचा. ती खाली जायला लागल्यावर टाकला तर गुडघा शिडीच्या कडेवर. पहिल्या महिन्यात प्रत्येकाच्या नडगीवर एक तरी निळा डाग असायचा. पुढे चाळीस वर्षं पायलट बोटीवरून जहाजावर चढताना हाच अंदाज उपयोगी पडला, असं सांगणारे अनेक भेटतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. वल्ह्यांच्या बोटी ओढून हाताला पडलेले घट्टे, सेमाफोरची निशाणं, दिव्याचा मोर्स, डोळे मिटून बांधायच्या बोलाइन आणि क्लोव्ह हिच या गाठी हे त्याच्या जोडीला.

पाठांतराचं तर एक वेगळंच प्रकरण होतं. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम इंग्रजीत शब्दन्‌शब्द पाठ हवेत, स्वल्पविरामासकट. तोंडी परीक्षेत परीक्षक ‘आशय बरोबर आहे’ म्हणून सोडत नसे. नियम १५ घ्या: दोन यांत्रिक जहाजं एकमेकांची वाट कापत असतील, तर ज्याच्या उजव्या बाजूला दुसरं जहाज असेल त्याने बाजूला व्हायचं आणि शक्यतो पुढून कापायचं नाही. मराठीत सांगितला तर हा एका दमात संपतो. पण पंचाहत्तरीचा माणूस मुळातल्या इंग्रजीत तो म्हणायला लागला की टेबलावरचे बाकीचेही आपोआप सूर धरतात. याच पिढीतल्या काहींना हे पाठांतर दोनदा करावं लागलं. १९७२ साली ठरलेले नवे नियम १९७७ मध्ये अमलात आले, आणि जुने घोकून बसलेल्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. अजूनही एखादा जण बोलता बोलता जुन्या नियमाचा आकडा सांगतो आणि लगेच दुरुस्त होतो.

रॅगिंगबद्दल इथे फार लिहीत नाही. तेव्हा त्याला शिस्त म्हणत. आता ते किस्से हसत सांगितले जातात आणि ऐकणारे हसतात. मधेच सोडून घरी गेलेली मुलं अशा जेवणांना येत नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू या आठवणींत नाही.

१९९३ मध्ये ‘राजेंद्र’ बंद झालं आणि शाळा नवी मुंबईत, नेरूळच्या खाडीकाठी आली. नाव ‘चाणक्य’. हाच तो वादग्रस्त निर्णय.

जहाजाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं हलकं घेण्यासारखं नाही. जहाजावर राहिलं की जागा कमी, पाणी मोजून, झोप तुकड्यातुकड्यांची, आणि शेजारचा माणूस आवडो न आवडो, त्याच्यासोबतच राहायचं. व्यापारी जहाजावर सहा-नऊ महिने काढायचे तर ही सवय आधी लागलेली बरी. जमिनीवरच्या शाळेत मुलगा संध्याकाळी गेटबाहेर चहा प्यायला जाऊ शकतो. जहाजावर तसं नाही. ज्यांना हे आयुष्य झेपणार नव्हतं ते पहिल्या महिन्यातच कळायचं, कंपनीचा आणि मुलाचा दोघांचाही वेळ वाचायचा. घरच्यांनाही.

दुसऱ्या बाजूचे मुद्दे आठवणींत कमी येतात. नांगरलेल्या जहाजाचीही तळाची पत्र्याची कातडी गंजत असते, त्याचीही डागडुजी चालू ठेवावी लागते, आणि हा खर्च वर्षागणिक वाढतच जातो. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कराराने, आणि मग १९९५ च्या दुरुस्तीने, रडार आणि जहाजचालनाचे सिम्युलेटर, आग विझवण्याची तालीम, प्रयोगशाळा यांची मागणी वाढवली. ते सगळं जुन्या सांगाड्यात बसवणं कठीणच होतं. आणि पदवी. जहाजावरून निघालेला मुलगा दर्यावर कितीही हुशार असो, किनाऱ्यावर तो ‘बारावी पास’. तीस वर्षांच्या वयात डोळ्यांनी दगा दिला किंवा पाठ गेली, तर बँकेत कारकुनाच्या नोकरीलाही अडचण. लग्नाच्या बाजारात पुण्यातल्या किती मुलींच्या वडिलांनी ‘ते कॅप्टन वगैरे ठीक, पण शिक्षण काय?’ असं विचारलं असेल ते वेगळंच. किनाऱ्यावर मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. नॉटिकल सायन्स मिळायला लागली आणि हा प्रश्न मिटला.

एक गोष्ट तर दोन्ही बाजू विसरतात. हे जहाज कधी कुठे जात नव्हतं. ते बंदरात उभं होतं. सेक्स्टंट हातात धरून सूर्याची उंची मोजायची तर डोळ्यांसमोर पाण्याची सरळ क्षितिजरेषा हवी. माझगावहून पूर्वेकडे बघितलं की समोर घारापुरी, उरण आणि त्यामागचे डोंगर. पश्चिमेला तर मुंबई शहरच. म्हणजे ज्या विद्येचा दर्यावर्दींना सर्वाधिक अभिमान, ती नांगरलेल्या डेकवरून पुरती शिकता येतच नव्हती. तिचं खरं शिक्षण पहिल्या बोटीवर, कोणी तरी सेकंड मेट पहाटेच्या संधिप्रकाशात शेजारी उभा राहून तारे दाखवायचा तेव्हा व्हायचं. लॉगॅरिथमची जाडजूड कोष्टकं मुलं शाळेत उलटून आलेली असत, पण त्यांत घालायचे आकडे समुद्रावरच हाती येत.

त्यामुळे १९९३ चा निर्णय चूक होता असं मला वाटत नाही. त्यात काही हरवलं, हे खरं. पण आज मेळाव्यांत ज्याबद्दल तक्रार होते, म्हणजे डिप्लोमा हातात घेऊन दोन-दोन वर्षं अंधेरीत कंपन्यांच्या पायऱ्या झिजवणारी मुलं, दलालांना लाखो रुपये देऊन फसलेले पालक, त्याच्याशी ‘राजेंद्र’ बंद होण्याचा संबंध नाही. तो संबंध आहे त्याच दशकाच्या उत्तरार्धातल्या वेगळ्या निर्णयाशी: पूर्वसमुद्र प्रशिक्षण, म्हणजे बोटीवर चढण्याआधीचं शिक्षण, खासगी संस्थांना खुलं करण्याच्या.

तो निर्णय का झाला हे समजण्यासारखं आहे. जहाजमालक पनामा-लायबेरियाचे झेंडे लावून स्वस्तात चांगले अधिकारी शोधत होते, आणि इंग्रजी बोलणारे, गणित येणारे भारतीय त्यांना हवे होते. जगातल्या जहाजमालकांच्या संघटनांचे दर पाच वर्षांनी येणारे अहवाल अधिकाऱ्यांचा तुटवडा पडणार असं सांगत होते. सरकारी जागा मोजक्या. मग खासगी भांडवल येऊ द्या, असं ठरलं. यात पुण्याची वेळ आली. १९९८ साली तळेगावजवळ इंदुरीला इंद्रायणीच्या काठी एक मोठी संस्था उभी राहिली, नव्या शतकाच्या सुरुवातीला लोणी काळभोरला दुसरी, मग लोणावळ्याच्या बाजूला आणखी एक. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर, सह्याद्रीच्या या बाजूला, दर्यावर्दी घडवण्याचा उद्योग सुरू झाला.

यावर विनोद खूप झाले. पण जागा निवडणाऱ्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. वसतिगृहासकट शाळा काढायला लागणारी एकसलग जमीन मुंबईत कुठे मिळणार? एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला आणि अंधेरी-पवईच्या जहाज कंपन्यांची ऑफिसं दोन-तीन तासांवर आली. इंजिनिअरिंग कॉलेजांची सवय या भागाला होतीच. आणि सर्वांत महत्त्वाचं, शिकवणारे इथेच राहत होते. सत्तर-ऐंशीच्या दशकात बोटीवर असलेल्या अनेकांनी मुंबईतल्या जागांच्या किमती बघून पुण्यात घर केलं होतं. बायको-मुलं इथे, नवरा सहा-आठ महिने बाहेर. शाळा चांगल्या, सासर-माहेर जवळ. निवृत्त झाल्यावर हेच कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर तळेगाव-लोणीला शिकवायला लागले. ‘जमिनीवर शाळा आणली आणि बिघडलं’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण आठवड्यातून चार दिवस जमिनीवरच्याच शाळेत वर्ग घेतात.

आणि शिक्षण वाईट होतं असंही नाही. मरीन इंजिनिअरिंगच्या मोठ्या संस्थांना आवारातच ‘शिप इन कॅम्पस’ उभारावं लागतं. ती एक मोठी शेड असते. आत खरं डिझेल इंजिन, जनरेटर, बॉयलर, प्युरिफायर, पंप, स्टिअरिंग गिअर, आणि सगळ्यांना जोडणाऱ्या रंगवलेल्या पाइपलाइन. मुलं बॉयलरसूट घालून तिथे वॉच (पहाऱ्याची पाळी) करतात, लॉगबुकात दर तासाला तापमान आणि दाब लिहितात, आणि कोणता व्हॉल्व्ह कुठे जातो हे पाइपवर हात ठेवून शोधतात. डेकच्या मुलांना पोहण्याच्या तलावात लाइफजॅकेटसकट उंचावरून उडी मारावी लागते आणि उलटी झालेली लाइफराफ्ट सुलटी करावी लागते. राफ्टच्या तळाशी असलेला पट्टा धरून, पाय टेकवून, वारा समोरून घेत अंग मागे टाकायचं. राफ्ट अंगावर येते आणि क्षणभर तिच्याखाली अंधार होतो. तलावात हे दहा मिनिटांत उरकतं. पण लाटा नसल्या तरी पहिल्यांदा करताना पोरं घाबरतात, आणि ती घाबरलेली बरी.

गडबड शिक्षणात नव्हती, जागांच्या आकड्यात होती. ‘डफरिन’-‘राजेंद्र’च्या काळात शाळेतल्या जागा आणि बोटीवरच्या कॅडेटच्या जागा यांचं नातं होतं. एकच सरकार शाळा चालवत होतं आणि त्याचीच कंपनी मुलं घेत होती. अधूनमधून ओढाताण व्हायची. ऐंशीच्या दशकातल्या जहाजधंद्याच्या मंदीत अनेकांना वाट बघावी लागली, पण वाट बघणाऱ्यांची रांग नजरेत मावेल इतकी होती. खासगी संस्था आल्यावर हे नातं तुटलं. देशात अशा संस्था शंभरावर गेल्या. संस्थेचं गणित फीवर, कंपनीचं गणित मालभाड्यावर, आणि दोघांच्या मधे उभा राहिला तो मुलगा.

त्याला झटका कधी बसला हे आकड्यांतच दिसतं. कोरडा माल वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ वर होता. डिसेंबरात तो ६६३ वर आला. त्या तेजीच्या वर्षांत ज्यांनी शेती विकून, कर्ज काढून प्रवेश घेतले, ती मुलं बाहेर पडली तेव्हा कंपन्या बोटी काम नाही म्हणून नांगरून ठेवत होत्या. कॅडेट हा बोटीवरचा पहिला अनावश्यक माणूस ठरतो. त्याच्याशिवाय जहाज चालतं, आणि त्याला केबिन, जेवण, विमान तिकीट सगळं द्यावं लागतं. डिप्लोमावाल्याला १८ महिन्यांची समुद्रसेवा हवी, पदवीवाल्याला १२. ती भरल्याशिवाय दोघांच्याही शिक्षणाला बाजारात किंमत नाही. दलालांची चलती झाली ती याच फटीत. ‘ऑनबोर्ड’ करून देतो म्हणून पैसे घ्यायचे आणि मुलाला कुठल्या तरी आखातातल्या जुनाट टगवर किंवा नुसत्या कागदावरच्या जहाजावर पाठवायचं.

यात आणखी एक जमात पूर्णपणे बुडाली, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. रेडिओ ऑफिसर. उपग्रहावर चालणारी नवी संकटसंदेश व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पुरती लागू झाली आणि मोर्सची किल्ली दाबणाऱ्या माणसाची जहाजावरची जागाच गेली. त्यांच्या शाळा तर कुठल्याच रूपात शिल्लक नाहीत. पुण्यातल्या जेवणांना एखादा येतो, ‘स्पार्क्स’ म्हणून त्याची थट्टा होते, आणि तो टेबलावर बोटांनी टकटक करून दाखवतो.

खलाशांचं, म्हणजे रेटिंगचं, वेगळंच. स्वातंत्र्यानंतर त्यांच्यासाठी तीन शिक्षणनौका झाल्या: कलकत्त्याला ‘भद्रा’, विशाखापट्टणमला ‘मेखला’ आणि कच्छच्या आखातात नवलखीला ‘नौलक्षी’. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला मुलगा, ज्याच्या दारातून समुद्र दिसतो, तो समुद्रावर जायला शिकण्यासाठी घरापासून इतक्या दूर जायचा. त्याआधीच्या पिढीला तर शाळाच नव्हती. काका सारंग असला की पुतण्या बोटीवर चढायचा, आणि काका नसेल तर घाट सारंगाचे (बोटींना खलाशी पुरवणाऱ्याचे) आणि दलालांचे हात ओले करावे लागत. या दलालीच्या चौकशीसाठी १९२२ सालीच समिती बसली होती. या लोकांचे मेळावे पुण्यात होत नाहीत. ते गावाकडे परतले, काही जण भोसरी-हडपसरला मुलांकडे राहतात. अधिकाऱ्यांच्या जेवणाचं आमंत्रण त्यांना जात नाही आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसावं. बोटीवर मेस वेगळी होती, आठवणींचीही वेगळीच राहिली. डेक आणि इंजिन अशी विभागणी मोडून आता ‘जनरल पर्पज रेटिंग’चा सहा महिन्यांचा कोर्स आहे, आणि दलालांना सर्वांत जास्त बळी पडतात ती तिथलीच मुलं, कारण तिथे येणाऱ्याच्या घरात बोटीची माहिती असलेलं माणूस बहुधा नसतं.

सरकारने नंतर बांध घालायचा प्रयत्न केला. माणसं भरती करणाऱ्या एजंटांना परवाना सक्तीचा करणारे नियम २००५ मध्ये आले. २००८ मध्ये केंद्रीय सागरी विद्यापीठ स्थापन झालं, मुख्यालय चेन्नईला. ‘चाणक्य’ आणि कलकत्ता-मुंबईची इंजिनिअरांची जुनी शाळा त्यात सामावल्या गेल्या, आणि पुढे प्रवेशासाठी सामाईक परीक्षा आली. त्याआधी या सरकारी जागा आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेतून भरत. पुण्यातल्या क्लासवाल्यांना ‘मर्चंट नेव्ही’चा शोध लागला तो ही सामाईक परीक्षा आल्यावर. सागरी कामगारांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून वा अधिकाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (दर्यावर्दीचं ओळखपुस्तक), वैद्यकीय तपासणी यांचा खर्च मुलाचा असू शकतो. ‘जॉइनिंग’चा नाही.

एक वर्षाच्या डिप्लोमा इन नॉटिकल सायन्सला आता प्रवेशाआधीच कंपनीची स्पॉन्सरशिप लागते. मुलाला पुढे बोटीवर जागा देऊ, असं कंपनीने आधी लिहून द्यायचं, मग शाळेत पाऊल. ‘राजेंद्र’वाल्यांच्या काळात जे न बोलता गृहीत होतं तेच आता कागदावर आणलं गेलंय, आणि मेळाव्यांत या नियमाचं कौतुक व्हायला हवं, पण अजून तिथे पाण्याचा आणि जमिनीचाच वाद चालू असतो. स्पॉन्सरशिपचं पत्रही विकलं जाऊ शकतं, हे लक्षात ठेवूनच पालकांनी ते हातात घ्यावं. देणाऱ्या कंपनीकडे भरतीचा परवाना आहे का, तो चालू आहे का आणि परवान्यावरचं नाव पत्रावरच्या नावाशी जुळतं का, हे सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतं. पैसे भरण्याच्या आधी.